धुरा

बोरटोल्याचा यादी भाग आता दोनशे अकरा.
मागच्या खेपेला त्र्याऐंशी होता.
गाव हललं नाही. मी मोजलंय,
दारं तेवढीच, दोन नवी, पाच कुलूपबंद.

बाबा कोतवाल होते.
डफडं घेऊन तेच सांगायचे आमदार कोण,
म्हणजे यापुढे कोणाकडे रडायचं.
पहिल्या निवडणुकीत ज्याची त्याची पेटी वेगळी होती.
झिबलाबाईनं एका पेटीला हळदकुंकू लावलं
आणि चिठ्ठी टाकली दुसरीत.
हसले सगळे. ती म्हणाली,
"काहून? दोघाइलेबी नाराज कराचं का?"

निवडून आले लांजेवार.
आले एकदाच, छकड्यातून,
आमराईचा अंदाज घ्यायला.

मग राजधानी गेली.
बाबांनी चावडीपुढे उभं राहून डफडं बडवलं,
"आयका हो, आपुन आता मुंबईत आहोन!"
"मुंबई कोन्या आंगाला आहे?" डोमा कुंभारानं विचारलं.
बाबांनाही कुठं ठाऊक.
त्यांनी टिपरू दाखवलं तलावाकडे,
आणि पुष्कळ वर्षं
आमच्यासाठी सरकार त्या पाण्यापलीकडेच होतं.

गणवीर मास्तर आमदार झाले तेव्हा
मतदारसंघ राखीव होता. पत्रांना स्वतःच्या हातानं उत्तर द्यायचे,
आणि आमच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून
पत्र परत पाठवायचे.
"विनंती"ची वेलांटी गावानं त्यांच्याकडून शिकली.
रस्ता काही झाला नाही.
पुढे तो खुला झाला, नाव बदललं,
बोपचे आले, बोपचेंचा जावई आला,
मधे सहा महिने कोणीच नव्हतं
आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बांधीचा धुरा वीतभर सरकला
तर आमच्यात काठ्या निघतात.
भाऊ भावाच्या लग्नाला जात नाही.
तालुक्याच्या कचेरीत भिंतीवर नकाशा लागला त्या दिवशी
बोटानं रेघ शोधत मी उभी होते,
अंगणवाडीचा खाऊ घ्यायला गेले होते खरी.
रेघ आंबेझरीकडून नाल्यानं येते,
आमच्या पाळीवर चढते,
आणि पाळीवरूनच चालत जाते गुराख्यासारखी.
गाव दहेगावात. तलाव आंबेझरीत.
हरकती पंधरा दिवसांत.
चौदावा दिवस होता.

तुडूम फुटलं त्या साली.
आमचा आमदार म्हणाला, पाणी माझ्याकडे येत नाही.
त्यांच्या आमदारीण उसेंडीबाई स्वतः येऊन
चपला हातात घेऊन गाळात उतरल्या,
वाकून पाहिलं,
म्हणाल्या, "भिजते ते धान त्यांच्या मतदाराचं.
मी कोन्या तोंडानं निधी मागू?"
खोटं नव्हतं बोलत बाई.
मग आम्हीच पोती टाकली, दोन्हीकडच्यांनी,
त्या पोत्यांची नोंद कुठल्याच बाजूला नाही.

बाबांची झोपडी पाळीपलीकडे, पाखरं हाकायला बांधलेली.
म्हणून ते आंबेझरीतच राहिले.
जेवायला इकडे, मत द्यायला तिकडे.
जाऊन सहा वर्षं झाली.
मी बीएलओ, गावातली मेलेली माणसं मीच कापते,
पण ते माझ्या यादीत नाहीत.

परवा तिकडची शकून कुमरे पाळीवर भेटली,
रजिस्टर मांडीवर, पायाशी बकरी.
"चारशे सत्तावन्न, हे तुझे बाबा ना वं?
नमुना सात भरून दे, कापते."
फोटोत टोपी वाकडी.
फोटो काढणाऱ्यानं सांगूनही सरळ केली नव्हती.
काप, म्हटलं.
मग म्हटलं, पेन नाही माझ्याकडे.
तिच्या कानावर होता पेन. तिनं दिला नाही.

दिवाळीला पोस्टमन पाळ उतरून येतो,
आंबेझरीच्या नव्या आमदाराचं रंगीत कार्ड,
बाबांच्या नावानं, "आपल्या दीर्घायुष्यासाठी".
दहेगावाहून मला अजून एकही आलेलं नाही.